दोन एनओसींच्या मधली वर्षं

मुलुंड पश्चिमेला पुनर्विकासाची एक साइट होती. तिथे अकराव्या मजल्याच्या स्लॅबवर मी एक लाल बादली पाहिली. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘फायर’ लिहिलेलं होतं. या बादल्यांचं बूड गोल असतं. जमिनीवर टेकवली तर ती लवंडते, हुकालाच टांगावी लागते. तिचा दुसऱ्या कशासाठी वापर होऊ नये म्हणूनच ती तशी घडवलेली असते. शटरिंगच्या सुतारांनी मात्र तिला विटांच्या तीन तुकड्यांमध्ये व्यवस्थित बसवलं होतं आणि आत खिळे भरले होते. मुकादम नांदेडकडचा. मी विचारलं तसं म्हणाला, “साहेब, प्लास्टिकची बादली खिळ्यांनी फाटते. ही पत्र्याची आहे.”

त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. त्या बादलीत खरं म्हणजे काय असायला हवं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ती बादली कोणत्या कायद्याने तिथे टांगली गेली, हे मलाही त्या दिवशी धड सांगता आलं नसतं. वीस वर्षं साइटवर काढलेला इंजिनिअर होतो मी. सिमेंटच्या गोणीपासून पीसीसीच्या जाडीपर्यंत सगळं तोंडपाठ होतं. आग म्हटलं की अग्निशमन दल, एवढंच माझं ज्ञान.

या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसलो आणि ती बादली आठवली. बांधकामाच्या जागेवर आग लागू नये, लागली तर माणसं वाचावीत, यासाठी कायद्याने कुणाच्या गळ्यात काय अडकवलं आहे, हा पुस्तकाचा विषय. ऐकायला रुक्ष वाटतो. पण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथे राहणाऱ्या माणसाच्या खिडकीतून आज किमान एक क्रेन दिसते. शेजारची इमारत पाडलेली असते, समोरची अर्धी उभी असते, आणि आपली स्वतःची परांचीत गुंडाळलेली असते. म्हणजे विषय दारातच उभा आहे.

मुंबईत इमारतीचे नकाशे मंजूर होताना अग्निशमन दलाची पहिली एनओसी लागते. जिने किती रुंद, आगीच्या वेळी थांबायचा रिफ्यूज एरिया कुठे, बंब फिरायला किती जागा, हे तेव्हा कागदावर ठरतं. मग इमारत पूर्ण झाली की ओसीच्या, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राच्या, आधी दलाची माणसं पुन्हा येतात आणि कागदावरचं सगळं प्रत्यक्षात आहे का ते पाहतात. या दोन भेटींच्या मध्ये तीन वर्षं जातात, पाच जातात, बिल्डर अडकला तर दहाही जातात. त्या काळात इमारत असते, पण तिची आगीपासून राखण करणारं काहीच अजून जागेवर नसतं. पंप आलेला नसतो. पाणी वर नेणारे रायझरचे पाइप खाली गेटजवळ रचलेले असतात. जिन्याला अग्निरोधक दार नसतं, लिफ्टच्या डक्टला पत्राही नसतो. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत उभी पोकळी, म्हणजे आयती चिमणीच. आणि जळण म्हणाल तर पूर्ण झालेल्या इमारतीत नसेल इतकं: प्लाय, बांबू, शटरिंगचं तेल, थिनर, केबलची लाकडी चाकं, थर्माकोल, जनरेटरचं डिझेल, स्वयंपाकाचे सिलिंडर.

या मधल्या वर्षांसाठी कायदा नाही, असा समज सार्वत्रिक आहे. तो चूक आहे. कायदा आहे, पण त्यातला बराचसा आगीच्या कायद्यात नाही. कामगारांच्या कायद्यात आहे. त्यामुळे दोन घरचा पाहुणा उपाशी तसं त्याचं झालं. अग्निशमन दलाला वाटतं हे कामगार खात्याचं, कामगार खात्याला वाटतं आग म्हणजे दलाचं, आणि साइटवर कुणालाच काही वाटत नाही.

इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी केंद्राने १९९६ मध्ये कायदा केला, १९९८ मध्ये त्याचे नियम आले. महाराष्ट्राने आपले नियम करायला २००७ उजाडलं. केंद्रीय नियमांतला ३५वा नियम आगीचा. छोटासाच आहे. संभाव्य आग विझवायला पुरतील एवढी साधनं जागेवर हवीत. पुरेशा दाबाचं पाणी हवं. ती साधनं चालवता येणारी प्रशिक्षित माणसं हवीत. साधनांची वर्षातून किमान एकदा जबाबदार माणसाने तपासणी करायची आणि तिची नोंद ठेवायची. क्रेनच्या केबिनमध्येसुद्धा विझवण्याचं साधन हवं. यातली गंमत ‘प्रशिक्षित माणसं’ या दोन शब्दांत आहे. आग विझवायचे सिलिंडर प्रत्येक साइटवर दिसतात, गेटपाशी लाल रांग लावलेली असते, पाहुणे आले की फोटोत छान येते. पिन ओढायची कशी, हे माहीत असलेला माणूस मात्र सहाला घरी जातो. रात्री साइटवर वॉचमन असतो, आणि त्याच्या हातात बॅटरी आणि काठी.

खिळ्यांच्या बादलीचा उगम मात्र तिसरीकडे सापडतो. राष्ट्रीय बांधकाम संहिता, म्हणजे एनबीसी, तिच्या चौथ्या भागात उंच इमारतीचं काम चालू असताना काय हवं ते लिहिलं आहे. किमान १०० मिलिमीटर व्यासाचा कोरडा रायझर, इमारत जसजशी चढेल तसतसा तिच्याबरोबर वर जाणारा, खाली बंबाला जोडायची सोय असलेला. प्रत्येक मजल्यावर २,००० लिटर पाणी भरलेले ड्रम आणि दोन बादल्या. आणि किमान २०,००० लिटरची टाकी, जी बांधकामाच्या पाण्यासाठीही वापरली तरी चालेल. एनबीसी हा स्वतः कायदा नव्हे, शिफारशींचा ग्रंथ. पण महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याने तिचं बोट धरलं आणि विकासक, मालक, भोगवटादार अशा सगळ्यांना ती पाळायला सांगितली. हा कायदा सोसायट्यांना दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे. जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून ‘बी’ फॉर्म आणायचा तो याच कायद्याखाली.

मुलुंडच्या त्या मजल्यावर ड्रमही होता, हे सांगायला हवं. दोनशे लिटरचा, एकच. त्यात पाणी होतं आणि त्या पाण्यात गवंड्याची थापी भिजत होती.

आता अंधेरीकडे येतो. १७ डिसेंबर २०१८, सोमवार, दुपारी चारच्या सुमारास मरोळच्या कामगार रुग्णालयाला आग लागली. कर्मचारी राज्य विमा महामंडळाचं हे रुग्णालय. ज्यांच्या पगारातून विम्याचा हप्ता कापला जातो त्या गिरणी-कारखान्यांतल्या, दुकानांतल्या माणसांचं. रुग्णालय चालू होतं आणि त्याच इमारतीत नूतनीकरणाचं कामही चालू होतं. तळमजल्यावर वेल्डिंगच्या ठिणग्या तिथेच साठवलेल्या रबराच्या मालावर पडल्या आणि आग लागली, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. आग तळाशी होती, मेली ती वरच्या मजल्यांवरची माणसं. धुराने. काच फोडून शिड्यांवरून माणसं उतरवली, काहींनी उड्या टाकल्या. अन्न पोहोचवायला निघालेला एक तरुण बंबाच्या शिडीवर चढून रुग्णांना खाली आणत राहिला. पहिल्या रात्री सहा मृत सांगितले गेले. आकडा पुढचे काही दिवस वाढत राहिला. मृतांमध्ये एक तान्हं बाळ होतं. जखमी आणि धुराने गुदमरलेले मिळून १४० च्या वर.

या घटनेकडे आपण ‘रुग्णालयातली आग’ म्हणून पाहतो. भंडारा, विरार, भांडुप या यादीत तिला बसवतो. माझ्या मते ती यादी चुकीची आहे. मरोळची आग ही बांधकामाच्या जागेवरची आग होती आणि त्या बांधकामाच्या जागेत रुग्ण झोपलेले होते. असं पाहिलं की प्रश्न बदलतात. रबर तळमजल्यावर कुणी ठेवू दिलं? वेल्डिंग सुरू करण्यापूर्वी आजूबाजूचं कुणी हलवलं का? ठिणगीवर लक्ष ठेवायला दुसरा माणूस उभा होता का? हे प्रश्न डॉक्टरांना विचारायचे नाहीत. ठेकेदाराला विचारायचे आहेत, आणि त्याला काम देणाऱ्यालाही. पोलिसांनी अटकही कामावरच्या माणसांनाच केली.

वेल्डिंगबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण पुस्तकातलं सगळ्यात उपयोगी प्रकरण तेच आहे. वेल्डिंग, गॅसकटिंग, ग्राइंडर या सगळ्याला साइटवर ‘हॉट वर्क’ म्हणतात. भारतीय मानक आयएस ३०१६ खास या कामातल्या आगीच्या काळजीसाठी आहे. ठिणगी दिसते तेव्हा ती धोक्याची नसते, कारण तेव्हा कुणीतरी बघत असतं. धोक्याची असते ती न दिसणारी, डक्टमधून तीन मजले खाली जाऊन गोणपाटात शिरलेली. ती तिथे धुमसत राहते. वेल्डर सामान गुंडाळतो, चहाला जातो, आणि आग नंतर लागते. म्हणून अमेरिकेच्या एनएफपीए ५१बी या मानकात आजूबाजूचा ३५ फुटांचा टापू मोकळा करायला सांगितलं आहे, आणि काम थांबल्यावरही पहारा ठेवायला. तो पहारा पूर्वी अर्धा तास होता, २०१९ च्या आवृत्तीत एक तास झाला. आपल्याकडच्या मोठ्या साइटवर हॉट वर्क परमिटचं पुस्तक असतं. माझ्या अनुभवात त्यातली बरीच परमिटं सकाळी चहाच्या टपरीवर एकगठ्ठा सही होतात. सही करणाऱ्याने ती जागा पाहिलेली नसते. परमिटवर ‘फायर वॉचर’चं नाव लिहायची ओळ असते, तिथे वेल्डरच्याच हेल्परचं नाव पडतं. हेल्परचं लक्ष कुठे असणार? रॉड पुढे करण्यात.

मग जबाबदार कोण? उपनगरातल्या कुठल्याही साइटवर हा प्रश्न विचारून पाहा. सोसायटी म्हणते बिल्डर. बिल्डर म्हणतो मुख्य ठेकेदार, करारात कलम आहे. मुख्य ठेकेदार म्हणतो फॅब्रिकेशनचं काम दुसऱ्याला दिलंय. तो दुसरा उल्हासनगरला असतो, त्याने वेल्डर रोजावर आणलेला असतो, आणि वेल्डरला आपला मालक नेमका कोण हेच माहीत नसतं. बारभाईंचा कारभार. कायद्याचं म्हणणं मात्र सरळ आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९९६ च्या कायद्याचं ४४वं कलम सतत आणि पुरेशी देखरेख ठेवण्याची, अपघात टाळण्यासाठी शक्य ती सर्व पावलं उचलण्याची जबाबदारी ‘मालका’वर टाकत होतं, आणि मालक या शब्दात कामगार पुरवणारा ठेकेदारही येत होता. एकाच्या खांद्यावर चढल्याने दुसऱ्याच्या खांद्यावरून ती उतरत नाही. करारातल्या कलमाने पैशांचा हिशेब हलतो, कर्तव्य हलत नाही.

या कायद्याची एक बाजू मला फार आवडते. ३४वं कलम कामगारांना साइटवर किंवा जवळ फुकट राहायची सोय द्यायला सांगत होतं, आणि तिथे स्वयंपाकाची स्वतंत्र जागा हवी असं स्पष्ट म्हणत होतं. वरवर हे कामगार कल्याणाचं कलम. मला विचाराल तर आगीच्या दृष्टीने ते ३५व्या नियमाइतकंच मोलाचं होतं. ‘लेबर लोक तिसऱ्या मजल्यावर स्टोव्ह पेटवतात, सांगून ऐकत नाहीत’, अशी तक्रार मी शेकडो वेळा ऐकली आणि दोन-चारदा स्वतः केलीही आहे. खाली चूल मांडायला जागा आखून दिली होती का, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नव्हतं.

शिक्षांबद्दल लिहिताना मात्र हसावं की रडावं कळत नाही. १९९६ च्या कायद्यात सुरक्षेचे नियम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. दोन हजारांत आज आग विझवायचा जेमतेम एक सिलिंडर येईल. २००६ च्या राज्याच्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि २०,००० ते ५०,००० दंड आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने १९९६ चा कायदा पोटात घेतला. तिच्यात कर्तव्य मोडल्यामुळे माणूस मेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, आणि त्या दंडाचा किमान निम्मा भाग मृताच्या वारसांना देण्याचा आदेश कोर्टाला देता येतो. जुने नियम नव्या संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात, त्यामुळे लेखकाने ते तपशिलात दिले हे बरं केलं. कामगारांची संख्या, खर्चाची मर्यादा हे आकडे मात्र बदलले आहेत. जुन्या पाठांतरावर कुणी विसंबू नये.

सोसायट्यांच्या कमिट्यांनी हे पुस्तक का वाचावं, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पुनर्विकासात पडलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला सहकार कायद्यातलं पुनर्विकासाचं कलम ७९अ पाठ असतं. तीस वर्षांच्या इमारतीच्या अध्यक्षाला स्ट्रक्चरल ऑडिट कळतं. पण दिवाळी झाली की पावसाळ्यापर्यंत उपनगरांत जो दुरुस्तीचा हंगाम चालतो, त्याला कुणी ‘बांधकाम’ समजतच नाही. कायदा समजतो. बांधकामाच्या व्याख्येत दुरुस्ती, देखभाल आणि पाडकाम ही तिन्ही आहेत.

आणि ही दुरुस्ती कशी चालते? आत दोन-अडीचशे माणसं राहत असतात. बाहेर बांबूची परांची, काथ्याच्या दोऱ्या, तिच्यावरून वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी. धूळ शेजाऱ्यांकडे जाऊ नये म्हणून. २६ नोव्हेंबर २०२५ ला हाँगकाँगच्या ताय पो भागात वांग फुक कोर्ट या वसाहतीत नेमकं असंच काम चालू होतं. बांबूची परांची, जाळी, खिडक्यांवर लावलेला फोम. आठांपैकी सात इमारती पेटल्या आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. त्याच्या पंधरा वर्षं आधी, नोव्हेंबर २०१० मध्ये, शांघायला दुरुस्ती चालू असलेली २८ मजली इमारत वेल्डिंगच्या ठिणगीने जळाली, ५८ माणसं मेली. तिथेही परांची आणि जाळी होतीच. हाँगकाँगनंतर लोकांनी बांबूला दोष दिला. मला बांबूपेक्षा जाळीची काळजी वाटते. आपल्या बाजारात ती मीटरवर मिळते, आणि ती आग धरते का, धरली तर टपकते का, हे विचारून घेणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही.

इंटीरियरची कामं ही तर या सगळ्याची धाकटी बहीण. फ्लॅटधारक सोसायटीला डिपॉझिट भरतो, कामाची वेळ पाळतो, डेब्रिज गोण्यांत भरून नेतो. सोसायटीच्या परवानगीच्या कागदावर थिनर किती ठेवायचं, पॉलिश चालू असताना ग्राइंडर चालवायचा की नाही, यावर एक ओळ नसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये करी रोडच्या साठ मजली अविघ्न पार्कमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली तेव्हा त्या घरात काम चालू होतं. मदतीला वर गेलेला सुरक्षारक्षक बाल्कनीला लटकला आणि खाली पडून मेला. संपूर्ण देशाने ते मोबाइलवर पाहिलं. १५ नोव्हेंबर २०२४ ला बीकेसीच्या भुयारी मेट्रो स्थानकाच्या ए-४ या अपूर्ण दारात लाकडी फळ्या, फर्निचर आणि बांधकामाचं सामान जमिनीखाली चाळीस-पन्नास फुटांवर पेटलं. मेट्रो थांबवावी लागली. माणसं वाचली, म्हणून आपण विसरलो. मार्गिका सुरू होऊन तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता. स्थानक लोकांसाठी उघडलेलं आणि दार अजून साइट. मरोळचंच गणित, फक्त उलट्या बाजूने.

लेखकाने हे पुस्तक मराठीत लिहिलं, याचं काहींना नवल वाटेल. साइटची भाषा हिंदी आहे, कागदांची इंग्रजी. पण उपनगरात सुपरवायझर, सोसायटीचे पदाधिकारी, वॉर्डातले ज्युनिअर इंजिनिअर आणि बंबावरची माणसं यांच्यात मराठी वाचणारे पुष्कळ आहेत. भिंतीवर लावायचं पान मात्र हिंदीतही छापावं, असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला.

आणखी एक आग्रह होता. पुस्तकाच्या शेवटी टेंडरमध्ये घालायच्या ओळींचा नमुना द्यावा. तो आग्रह बोरिवलीच्या एका सोसायटीच्या सभेतून आला. मी वेल्डिंगवरच्या पहाऱ्याचं बोललो, लोकांनी माना डोलावल्या, आणि खजिनदारबाईंनी विचारलं, “पण काका, हे कुणाच्या बिलात धरायचं?” प्रश्न अगदी बरोबर होता. ज्याला दर नाही ते काम साइटवर होत नाही, हे बाईंना वीस वर्षं साइटवर न काढताही कळलं होतं. मग टेंडरमध्ये स्वतंत्र ओळ घातली: हॉट वर्क चालू असताना एक माणूस फक्त पहाऱ्याला, काम थांबल्यावर पुढे एक तास. तीन ठेकेदारांचे लिफाफे उघडले. दोघांनी त्या ओळीसमोर रोजंदारीचा दर लावला होता. तिसऱ्याने ‘समाविष्ट’ एवढंच लिहिलं होतं, आणि एकूण रक्कम त्याचीच कमी होती. काम त्याला मिळालं. परांची बांधून झाली आहे, ग्रिलचं वेल्डिंग सोमवारी सुरू होतंय. मी साडेपाचला जाणार आहे, वेल्डर निघून गेल्यावर.